लग्नपत्रिकेसारखी वेबसाइट

आमच्या घरी जेवायच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. बाबा प्राथमिक शिक्षक. एसटीची भाडेवाढ असो की नळाला न येणारं पाणी, ते पत्रक काढायचे आणि मी ते आष्टीच्या आठवडी बाजारात वाटायचे. बाबांचा एक नियम होता. बाजारातला माणूस एका हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेईपर्यंतच पत्रक वाचतो. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे: काय, कुठे आणि कोणाला भेटायचं.

हा नियम माझ्या काकांच्या घरी कोणी मानला असता तर सिंदी रेल्वे या गावातलं त्यांचं गादीचं दुकान वाचलं असतं. असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं, आणि आजही चीड येते.

दुकान काकांच्या नावावर होतं, चालवायची काकू. काका कापसाची दलाली करत, दिवसभर बाजार समितीच्या यार्डात असत. कापूस निवडणं, पिंजून आणणं, खोळी शिवून घेणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं तिच्याकडे. दोन हजार सालानंतर फोमच्या गाद्या गावोगाव पोहोचल्या आणि गिऱ्हाईक आटलं. काकांनी सांगून टाकलं, यंदाचे जून-जुलै पाहू, नाही जमलं तर गाळा मोबाईलवाल्याला भाड्याने देऊ.

जून-जुलै अशासाठी की वर्ध्याकडे कॉलेजं वाढत होती आणि वसतिगृहात येणाऱ्या मुलींना गादी आपली आपण आणावी लागे. एका वसतिगृहाच्या रेक्टरबाई काकूच्या ओळखीच्या होत्या. त्या म्हणाल्या, तुमची वेबसाइट असेल तर तिचा पत्ता आम्ही प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापतो, दूरगावचे आईवडील आता इंटरनेटवर बघतात. काकूने त्याच दिवशी मला बोलावून घेतलं.

मी मजकूर लिहिला. वर मोठ्या अक्षरांत: वसतिगृहाच्या खाटेच्या मापाची सुती गादी. त्याखाली: फोन करा, तयार ठेवतो. मग काकूचा मोबाईल नंबर आणि स्टेशनवरून दुकानाकडे कसं यायचं ते. तेच पुन्हा हिंदीत आणि इंग्रजीत. संपलं. काकूने एकदा वाचलं आणि गादीचा फोटो काढायला चांगली खोळ शोधू लागली.

पण वेबसाइट म्हणजे घराण्याचा मान. त्यामुळे बैठक बसली, लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवायला बसते तशी. नागपूरहून डिझायनर आला, काकांच्या मित्राचा जावई. सगळ्यात वर गणपती. त्याखाली हार घातलेले पणजोबा, ज्यांनी आयुष्यात गादी विकली नव्हती. मग ज्येष्ठतेप्रमाणे सगळ्या काकांचे फोटो. मधल्याचा फोटो धाकट्याएवढाच दिसतो म्हणून दुपार गेली. मग ‘आपले नम्र’. शेवटी ‘चिमुकल्यांची किलबिल’ म्हणून चुलतभावाच्या तान्ह्या मुलीचं नाव. हे सगळं उघडण्याआधी बासरी वाजायची आणि पडद्यावरून कापसाची बोंडं हळूहळू खाली पडायची. सायबर कॅफेतल्या संथ लाइनवर ती बोंडं मध्येच थांबायची. गादी कुठे आहे, मी विचारलं. डिझायनरने ती आतल्या पानावर दाखवली. परदेशी बेडरूम, फोमची गादी.

काकूचा नंबर काढला होता. त्याजागी तळाशी, बारीक अक्षरांत, काकांचा होता.

“बाईमाणसाचा नंबर असा जगाले वाटून राह्यली का तू?” काका म्हणाले. “कोणीबी फोन करन.”

“कोणीही करावा म्हणूनच टाकतात, काका. दुकानात कोणीही येतं तेव्हा तीच बसलेली असते ना?”

“तुया बापानं जलमभर पत्रकं वाटली. काय भेटलं त्याले?”

सगळे हसले. काकू हसली नाही. मी उठून गेले, आणि माझ्यामागे वेबसाइट पास झाली. तिचाच पत्ता माहितीपत्रकात छापला गेला.

मग प्रवेश सुरू झाले. एका दुपारी मी दुकानात असताना एक बाई मुलीला घेऊन आल्या, खामगावकडच्या. वसतिगृहात सामान टाकून दोन रात्री झाल्या होत्या, परतण्याआधी मुद्दाम उलट दिशेच्या गाडीने येऊन सिंदीला उतरल्या होत्या. काकूला म्हणाल्या, “तुमच्या मालकांना फोन केला होता. मागे कुठे तरी लिलाव चालला होता. ते म्हणाले, मले काई माहीत नाई, दुकानात विचारा. दुकानाचा नंबर मागितला तर फोन ठेवला.” शेवटी वर्ध्यातून फोमची गादी घेतली, पण तिच्यावर झोपून मुलीची पाठ धरली होती. सुती शिवून द्याल का, हे विचारायला त्या आल्या होत्या.

काकूने त्यांना बसवलं, पाणी दिलं, खाटेचं माप लिहून घेतलं. त्या गेल्यावर बराच वेळ कापूस चाचपत राहिली.

“फोन केलेल्या बाकीच्या बाया उतरल्या नाईत इथं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवाल्याची माणसं बोर्डासाठी दर्शनी भिंतीचं माप घ्यायला आली. काकांनी करार करून टाकला होता. काकूला ते या माणसांकडून कळलं. मी यार्डात जाऊन चारचौघांत काकांशी भांडले. ते म्हणाले, वेबसाइट काढून दिली होती, अजून काय करायचं?

संध्याकाळी काकूने विचारलं, मी लिहिलेला तो मजकूर अजून आहे का. होता. आम्ही दोघी पॅसेंजरने वर्ध्याला गेलो. सायबर कॅफेत फुकटात एक पान तयार करता येत होतं. ती शेजारी खुर्ची ओढून बसली.

“नंबर माहाच टाकजो. सर्व्याच्या वर. आन पत्ता घरचा.”

त्या पानावर बासरी नव्हती, देव नव्हता, पणजोबाही नव्हते. खोळीवर शिलाई दिसेल असा एक फोटो होता. रेक्टरबाईंनी त्या पानाचा पत्ता सूचनाफलकावर लावला, पण बहुतेक प्रवेश उरकले होते. दुकान गेलं ते गेलंच. काचेचं काउंटर आलं, लाल बोर्ड लागला. पणजोबा मात्र इंटरनेटवर कित्येक महिने हार घालून बसून होते, खाली बंद दुकानाचा पत्ता.

काकू घरच्या ओसरीत गाद्या भरू लागली. एकदा आम्ही जेवत असताना तिचा फोन वाजला, मग पुन्हा वाजला. काकांनी ताट सरकवलं. असे परक्यांचे फोन घरात येऊन राहिले, लोक काय म्हणतील, असं त्यांनी विचारलं.

काकूने फोन कानाशीच ठेवला, फक्त त्यावर हात धरला.

“लोक लांबी-रुंदी विचारून राह्यले,” ती म्हणाली. “तुमी जेवा.”