वरचा गोल, खालचा गोल

आमच्या माननीय नगरसेवकांनी गावाला फसवलं. बैलगाडा शर्यतीचा घाट घेतला आणि बदल्यात फुटबॉल स्टेडियम म्हणून घसरगुंडी दिली.

शर्यतीचा घाट चढाचाच असतो. बैल खालून सुटतात, वर निशाणापाशी थांबतात. मोशीजवळचा आमचा घाट पंचक्रोशीत नावाजलेला. चहूबाजूंनी सोसायट्या उठल्या तेव्हा माननीय म्हणाले, पोरांना मैदान नको का? गावकीच्या बैठकीत घाट सोडायचा शब्द मीच दिला. डंपरच्या धंद्यात मी भल्याभल्यांना भावात नमवलंय. इथे एकच अट घातली, मैदान सपाट हवं. "एक नंबर सपाट करतो, भाऊ," असं ते सगळ्यांदेखत बोलले.

मग भिंत आली, रंगीत गॅलरी आली, पाहुण्यांना सोफे आले, कमानीवर माननीयांचा हसरा फोटो आला. चढ तसाच. त्याच्यावरच गवत अंथरलं, चुना मारला आणि एक गोल वर, एक खाली रोवला. नाणेफेक जिंकलेला संघ थेट वर चालू लागतो. एकदा चाकणच्या कंपन्यांचे संघ आले. खालच्या गोलकीपरने मारलेला चेंडू गडगडत त्याच्याकडेच परत. गॅलरीतून एक म्हातारा ओरडला, "आरं, चेंडूला बैल जुपा!" सगळे हसले. ते संघ पुन्हा फिरकले नाहीत.

उद्घाटनालाच मी इंजिनिअरला धरलं होतं.

"काका, तो चढ नाही," तो म्हणाला. "पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार ठेवलाय."

"निचरा? एवढ्या उतारावरून पाणी काय, गवतही वाहून जाईल! माझं पोकलेन लावतो, सपाट करून देतो."

शेजारी उभे असलेले माननीय माझ्या खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाले, "राहू द्या, राव. शर्यतवाल्यांना शब्द दिलाय, चढाला हात लावणार न्हाई म्हणून."

म्हणजे मला सपाटीचा शब्द आणि शर्यतवाल्यांना चढाचा! बरं, शर्यत तरी होणार कशी? वरच्या टोकाला यांनीच भिंत घातलीय. बैल काय भिंतीवर चढणार?

आज तिथे ना गाडा पळतो, ना धड चेंडू. पोरं मात्र मलाच अडवतात, "तुम्हीच घाट सोडलात, आता खेळायचं कुठं?" याचं उत्तर मी देणार नाही. माननीयांनी गावकीसमोर उभं राहून द्यावं. शर्यतही नाही, फुटबॉलही नाही, मग आमचा घाट घेतलात कुणासाठी?