माझ्या माठातलं पाणी

डिंडोलीत आमच्या गल्लीत कुणाकडे सरकारी कागद आला की तो फिरून माझ्याकडे येतो. महापालिकेच्या मराठी शाळेत उभा जन्म शिकवल्याचा हा भोग आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो. समोरच्या घरातल्या दोघा भावांपैकी धाकटा कोर्टाचा कागद घेऊन आला, तेव्हाही मी चष्मा पुसून ऐटीत बसले होते.

त्याचा थोरला भाऊ सरकारी मनोरुग्णालयातून घरी येणार होता. काही वर्षांपूर्वी लिंबायत भागातल्या खोलीत थोरल्यानं बरोबर राहणाऱ्या कामगाराला यंत्रमागाच्या लोखंडी दांड्यानं मारून टाकलं होतं. तो आपल्या चहात विष कालवतो, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. वेडाच्या भरात घडलं म्हणून कोर्टानं त्याला तुरुंगाऐवजी रुग्णालयात धाडलं. आता औषधानं तो निवला होता. धाकट्यानं हमी दिली तर त्याला घरी सोडणार होते. हमी अशी, की रोजचं औषध त्याच्या पोटात जाईल आणि त्याच्या हातून कुणालाही इजा होणार नाही.

गल्ली बिथरली. गच्चीवर बैठक बसली, सगळे पुरुष आणि त्यांच्यात मी एकटी बाई. एकानं तर सरळ घर खाली करायला सांगितलं. मी सगळ्यांना झापलं. कागद मी वाचलाय, देखरेख कशी होते ते मी बघते, असं छातीठोकपणे सांगून टाकलं. धाकटा बारा बारा तास लूमच्या कारखान्यात, तेव्हा सकाळची गोळी देण्याचं काम त्याच्या बायकोकडे, धाकटीकडे गेलं. ती बैठकीला नव्हतीच. तिला कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

माझी पद्धत शाळेतलीच. दर रविवारी धाकटा गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन यायचा आणि मी वहीत खुणा करायचे. महिन्यामागून महिने गेले, एक दिवस चुकला नाही. दोघे भाऊ रुग्णालयात तपासणीला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी वहीचं कौतुक केलं म्हणे. ते ऐकून मी चार दिवस फुगून होते.

थोरला दिवसभर ओट्यावर बसायचा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. उन्हाळा लागला तसा एक दिवस तो स्टीलचा पेला घेऊन माझ्या दारात आला.

"बाई, तुमना घरनं पानी द्या ना."

मी माठातलं पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच, दिवसातून तीन-चारदा. पेला स्वतःचा, घासून आणलेला. मी पाणी ओतत असताना तो माझ्या हातांकडे बघत राहायचा. अख्ख्या गल्लीत त्याचा विश्वास माझ्यावरच आहे, असं मी बहिणीला फोनवर मोठ्या अभिमानानं सांगितलं. घरचं जेवण टाकून तो नाक्यावरची केळी सोलून खातो, हेही मला दिसत होतं. उन्हाळ्यात भूक मरते, अशी मी माझी समजूत घातली.

एका सकाळी पाणी घेऊन तो तिथंच थांबला. "तुमना नळ येगळा शे का, बाई?"

"नाही हो भाऊ. गल्लीला एकच लाइन आहे."

त्यानं बराच विचार केला. "मंग नळमा नही," तो म्हणाला. "घरमाच शे."

तो रस्ता ओलांडून गेला आणि मला ते लिंबायतचं चहातलं विष आठवलं. जो घरचं पाणी पीत नाही, तो घरच्या पाण्याबरोबर गोळी कशी घेत असेल? मी तशीच चपला न घालता त्याच्या मागोमाग गेले आणि दारात उभी राहिले.

धाकटीनं पट्टीतली गोळी काढून पाण्याच्या गिलासाजवळ स्टुलावर ठेवली. डोक्यावरचा पदर नाकाखाली ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि बांगड्या वाजवल्या. थोरल्यानं गोळी मुठीत घेतली, मोरीत पाणी ओतलं आणि गिलास खणकन ठेवला. आवाज झाल्यावर ती वळली आणि पट्टी पिशवीत टाकली. तिच्या पायाशी धागे कापायला आणलेल्या साड्यांचा ढीग होता आणि त्यावर कातर. थोरल्यानं मला पाहिलं, पण मूठ लपवली नाही.

मी तिला बाहेर ओढलं. "अगं, तू बघत नाहीस?"

"जेठना तोंडकडे मी कशी देखू, बाई? गिलासना आवाज उना का मंग मी फिरस."

मला तिचा संताप आला, मग त्या पदराचा, आणि मग माझा स्वतःचाच. माझं सासर जळगावकडचं. थोरल्या दिरांसमोर मीही कित्येक वर्षं मान खाली घालूनच वावरले होते. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो त्यांच्या अंत्यदर्शनाला. हे सगळं माहीत असून मी पट्ट्या तपासत बसले होते.

थोरला बिस्किटाचा डबा घेऊन बाहेर आला आणि त्यानं तो माझ्या हातात दिला. आत पांढऱ्या गोळ्याच गोळ्या होत्या.

"ती माले रोज देस. मी येक बी खादी नही. तुम्ही शिकेल शेतस, पोलिसले द्या." मग अगदी शांतपणे म्हणाला, "आज मी तिले इचारसू. लिंबायतमा बी मी पहिले इचारेल व्हतं."

धाकटीला घेऊन मी माझ्या घरात शिरले आणि आतून कडी लावली. धाकट्याला फोन केला. तो कडोदऱ्याच्या लूमवर होता, यायला तास लागणार होता. रुग्णालयात फोन केला. डॉक्टर म्हणाले, त्रास वाढला तर द्यायची जी गोळी दिलीय, ती पाण्यात विरघळवून द्या आणि लगेच घेऊन या. ती गोळी धाकटीच्या कमरेच्या पिशवीत होती. तो कुणाच्या हातचं पाणी पितो, हे मला सांगायला नको होतं.

ती गोळी मी लाटण्यानं चुरली. माठातलं पाणी तांब्यात घेऊन त्यात तो चुरा मिसळला, धाकटीला आतच ठेवून बाहेरून कडी लावली आणि माझ्या ओट्यावरून त्याला हाक मारली. तो आपला पेला घेऊन आला.

"पानीमा काही नही ना, बाई?"

"नाही हो भाऊ. माठातलंच आहे."

तो प्यायला. शेवटच्या घोटाला थांबला, जीभ दातांवरून फिरवली, माझ्याकडे पाहिलं आणि तोही घोट घेतला. धाकटा आला तेव्हा तो भिंतीला टेकून पेंगत होता. रिक्षात घालताना त्याचे डोळे उघडे होते आणि ते माझ्यावरच होते.

कुणाला ओरखडाही आला नाही. बाईंनी वाचवलं, असं गल्ली अजून म्हणते. मला ते ऐकवत नाही.

गेल्या आठवड्यात धाकटा पुन्हा हमीचा कागद घेऊन आला. या वेळी धाकटीही आली, खुर्चीवर बसली, पदर खांद्यावर. "मी देखसू आते," ती म्हणाली. नवऱ्यानं मान डोलावली. थोरला आता ठीक आहे, त्याला झालेलं सगळं आठवतं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यानं भावाला एकच विचारलं, बाईंचा माठ अजून आहे का.

या वेळी साक्षीदार म्हणून त्या कागदावर मीही सही केली. परवा तो येतोय. मला भीती वाटते, हे मी कुणाला बोलले नाही. तो पेला घेऊन दारात उभा राहील आणि तोच प्रश्न विचारेल. या वेळी पाण्यात खरंच काही नसेल. पण तो माझ्यावर विश्वास कशाला ठेवेल?