बालाजीभाऊंच्या नावावरचं कनेक्शन

"बालाजीभाऊंचं खातं बंद करा," असा मेल मीच पाठवला होता.

ते जाऊन तेव्हा दहा दिवस झाले होते. माणूस ऑफिसातून गेला की त्याचं लॉगिन बंद करायचं, असा नियम आहे.

नियम माझाच.

आज भाऊंना जाऊन वर्ष झालं. तेव्हाही लिहायला बसले होते, पण दोन ओळींपुढे हात गेला नाही. खरं सांगायचं तर लाज वाटत होती.

आमचं जालन्यातलं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि सहा माणसं. जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कापसाच्या गाडीचं वजन, प्रत, पावती, सगळं त्यात.

मी भोकरदनची, कोड लिहिणारी. बालाजीभाऊ घनसावंगीकडचे, मूळचे वायरमन. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणारा माणूस. ऑफिसात आले ते इन्व्हर्टर दुरुस्त करायला, आणि राहिलेच.

पहिला महिनाभर मला मॅडम म्हणायचे. एकदा मी डब्यातला ठेचा पुढे केला, तेव्हापासून ताई.

आमचा बिल्ड सर्व्हर कोडमधून सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन तयार करतो. कोणतं व्हर्जन कोणत्या जिनिंगला गेलं, हे तेव्हा आम्ही हाताने डेटाबेसात भरायचो.

म्हणजे भरायला विसरायचो.

एकदा ऐन हंगामात एका जिनिंगला जुनंच व्हर्जन गेलं. गेटवर कापसाच्या गाड्यांची रांग आणि फोनवर आम्हाला शिव्या.

मग ठरलं, सर्व्हर आणि डेटाबेस एकमेकांना जोडूनच टाकायचे. त्यासाठी वर्कफ्लोचं एक टूल घेतलं. स्क्रीनवर चौकोन मांडायचे आणि रेघांनी जोडायचे, कोड लिहायची गरज नाही.

भाऊंनी ते पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"ताई, हे तर स्टार्टरचं वायरिंग हाये! सरका तिकडं."

मी सरकले.

पहिल्याच दिवशी त्यांनी काय करावं? बिल्ड झालं की डेटाबेसात नोंदीची ओळ पडेल, ही एक रेघ. आणि कुणाला बटण दाबायचा त्रास नको म्हणून, नवीन ओळ पडली की बिल्ड सुरू होईल, ही दुसरी.

झालं! बिल्डमागून ओळ, ओळीमागून पुन्हा बिल्ड. आम्ही जेवायला बसलो आणि प्रत्येक बिल्डच्या मेसेजने सहा जणांचे मोबाइल एकदम वाजायला लागले, थांबायचं नावच घेईनात.

भाऊंनी शांतपणे हात धुतले, स्क्रीन पाहिली.

"करंट फिरून माघारी आल्ता. माझीच चूक हाये. जल्दी बराबर करून देतो."

पोट धरून हसलो आम्ही. ते दिवस फार चांगले होते.

त्यानंतर सगळं इतकं बिनबोभाट चाललं की ते मी कधी उघडूनही पाहिलं नाही. "कोड तुमचा, वायर माझी," अशी आमची वाटणी होती.

पण त्यांची एक सवय माहीत होती. वायरमन वायरीला ओळखीची चिठ्ठी बांधतो, तशी ते प्रत्येक चौकोनाशेजारी एक पिवळी नोट लिहून ठेवायचे. 'इथून निरोप येतो.' 'इथं पास-नापास बघायचं.'

वाद एकच होता. डेटाबेसचं कनेक्शन त्यांनी स्वतःच्या लॉगिनवर जोडलेलं.

"भाऊ, ऑफिसच्या नावाचं वेगळं खातं काढा. माणसाच्या नावावर कनेक्शन ठेवायचं नसतं."

"अहो ताई, मी कुठं जाऊन राह्यलो?"

दर महिन्याला मी हेच सांगायचे आणि ते हेच उत्तर द्यायचे.

त्या शनिवारी मात्र माझा पारा चढला. सगळ्यांसमोर बोलले, "तुम्हाला वायरिंग कळतं भाऊ, जबाबदारी कळत नाही."

मी तणतणत बस पकडायला निघाले. ते मागे थांबले होते.

रविवारी दुपारी त्यांच्या भावाचा फोन आला.

"ताई, बालाजी गेला वो. विहिरीवर मोटार चालू करायला गेल्ता. तिथंच छातीत कळ आली."

म्हणजे माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं ते. भल्या माणसाला चारचौघांत लागेल असं बोलले आणि माफी मागायलाही माणूस राहिला नाही. दहा दिवस ऑफिसला गेले नाही.

अकराव्या दिवशी कामावर आले आणि नियम म्हणून तो मेल पाठवला.

तासाभरात डेटाबेसात ओळी पडायच्या बंद झाल्या. बिल्ड होत होतं, पुढे काही जात नव्हतं. ज्या कनेक्शनवरून भांडले, ते त्यांच्याच लॉगिनवर होतं, नेमकं हेच मी विसरले होते.

पहिल्यांदा भाऊंचा वर्कफ्लो उघडला. सगळ्या रेघा ओळंब्यात. शेवटचा चौकोन लाल.

त्याच्याशेजारी एक चिठ्ठी होती. तारीख त्याच शनिवारची, वेळ मी निघाल्यानंतरची.

'ताई बोलल्या ते बराबर हाये. खातं बदलायचं. सोमवारी पहिलं काम हेच.'

टेबलावर डोकं टेकून रडले. सगळे बघत होते, बघू दे म्हटलं.

मग भाऊंचं सोमवारचं काम मी केलं. नवीन खातं उघडलं. टूलने नाव विचारलं. नियमाप्रमाणे ऑफिसचं नाव टाकायचं होतं.

मी टाकलं, बालाजी.

चौकोन हिरवा झाला.

वर्षभर रोज बिल्ड होतंय, रोज ओळ पडतेय. 'कोणी नोंदवलं' या रकान्यात, भाऊ, प्रत्येक ओळीला तुमचं नाव असतं. ती चिठ्ठी मी काढलेली नाही.

माणसाच्या नावावर कनेक्शन ठेवलंय भाऊ, मी. माझाच नियम मोडून.

तुम्ही म्हणायचात ना, मी कुठं जाऊन राह्यलो.

बराबर बोलत होतात.

मनापासून नमस्कार, भाऊ.

तुमची ताई