आमच्या गाडीचा नंबर

मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होतो आणि मला एकाही गाडीचा नंबर पाठ नव्हता. तरी नवीन एटीएम कार्ड आलं तेव्हा मी पिन म्हणून गाडीचाच नंबर ठेवला. (तेव्हा गाड्यांचे नंबर चार आकडीच असायचे.) साधीसुधी गाडी नव्हे हं, लग्नानंतर मी आणि मंगल, म्हणजे आमची ही, ज्या गाडीनं पहिल्यांदा सोलापूरला मावशीकडं गेलो ती!

परीक्षा आली मेहुणीच्या लग्नाच्या दिवशी. पैसे काढायचे, आहेराची साडी घ्यायची आणि शिरूरची एसटी गाठायची. साडी मंगलनं कधीचीच हेरून ठेवली होती. धाकट्या बहिणीच्या लग्नात रिकाम्या हातानं उभं राहायचं तिच्या फार जिवावर आलं असतं.

एटीएमच्या गार खोलीत शिरलो, डोळे मिटले आणि नंबर आठवू लागलो. नंबर सोडून सगळं आठवलं. खिडकीतलं ऊन, हिरवा चुडा, भिगवणच्या पाण्यावरून संथ उडत गेलेले पांढरे पक्षी, खांद्यावर टेकून झोपलेली मंगल. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्याच तंद्रीत बटणं दाबली. नंबर चुकला. पुन्हा डोळे मिटले. या खेपेला तर गजऱ्याचा वासही आला. नंबर पुन्हा चुकला.

"आता चुकलात तर मशीन कार्ड गिळतंय बघा," मागून आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे आमच्या कॉलनीतले रिटायर गार्ड. (आत एकट्यानंच जायचं असतं, हे तेव्हा दौंडात कुणी मनावर घेत नसे. अख्खी रांग आत होती.) "कसला नंबर ठेवलाय?"

मी सगळं सांगून टाकलं. गजऱ्यासकट.

"जाताना ऊन कुठनं येत व्हतं?"

"उजव्या खिडकीतनं. हिच्या तोंडावर."

"म्हंजी दुपारची गाडी. मधी कुठं थांबली?"

"भिगवणला. कितीतरी वेळ. मला वाटलं, आमच्यासाठीच थांबलीय."

"मेलला वाट द्यायला थांबली व्हती ती," म्हणत आप्पांनी खणखणीत आवाजात चार आकडे सांगितले. रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. मी आकडे दाबले. नोटा आल्या. मी रांगेकडं वळून चक्क हात जोडले.

मंगल एटीएमच्या दारातच उभी होती. साडी घेतली, एसटी गाठली. तिनं साडीची पिशवी आमच्या दोघांच्या मधे ठेवली.

"आठवला असता गं मला," मी म्हणालो.

"मला पाठ हाय की. तिकीट अजून जपून ठेवलंय मी."

"मग तिथं सांगायचा ना!"

"ब्यांकेनं सांगितलंय न्हवं, नंबर कुणालाच सांगायचा न्हाई. आन् मला बघायचं व्हतं, तुम्हाला आठवतोय का."

"अगं, पण साडी गेली असती ना हातची."

"गेली असती."

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की वाटेतलं न्हावरा येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिलो.

परत आल्यावर तिनं कार्ड काढून घेतलं. कॉलनीभर झालेला नंबर बदलूनही टाकला. नवा कोणता, असं मी भीत भीत विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "आपल्या लग्नाची तारीख ठेवलीया."

इतर कुणाला तो नंबर ओळखता येईल की नाही, कोण जाणे. माझ्यापासून मात्र आमचे पैसे तेव्हापासून पूर्ण सुरक्षित आहेत.