पाठमोरी मावशी

आमच्या ह्यांना, म्हणजे नंदकिशोर यांना, कशाचं टेन्शन म्हणून येत नाही. ते सगळं माझ्या वाट्याला. पावण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर म्हणून जन्म गेला, मिशी पांढरी झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी आरशात बघून माणूस स्वतःवर खूश. अशा माणसाशी संसार करून बघा म्हणजे कळेल.

गाव ह्यांचं रत्नागिरीकडे, गुहागरच्या अलीकडे. तिथे शिमग्यात नमन असतं. अंगणात मृदंग वाजतो, चारी बाजूंनी माणसं बसतात आणि मधोमध खेळ रंगतो. त्यात कृष्णाला फैलावर घेणारी एक मावशी असते. बायकांची सगळी कामं पुरुषच करतात, आणि आमचे हे तिथले मावशी. लग्नाच्या आधीपासून. मी साताऱ्याकडची. नवरा दरवर्षी लुगडं नेसतो हे मला लग्नानंतर कळलं.

पण मी ते काम कधी पाहिलं नाही. शिमगा येतो मार्चमध्ये आणि मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. आधी शाळेच्या, मग दहावी, बारावी, मग सासूबाईंचं आजारपण. हे पिशवी भरायचे आणि मी भांडायचे. निघताना दारात म्हणायचे, "येतो गो." मी म्हणायचे, "जा एकदाचे. डोक्याची कटकट गेली." आणि दार धाडकन लावायचे. दरवर्षी हेच. मे महिन्यात गावी गेले की तिथल्या बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटायचं, घाटावरची म्हणून हसतात. असला राग यायचा.

या वर्षी हे शिमग्याला गेले आणि लगेच परत आले. गावकीने मावशीचं काम पुतण्याला, सुयशला दिलं होतं. "काका, तुमचे गुडघे आता," एवढंच म्हणाला म्हणे तो. ह्यांनी लुगड्याची पिशवी माळ्यावर टाकली. त्यानंतर जेवताना अखंड बडबडणारा माणूस गप्प बसायला लागला. टीव्ही लावायचे आणि बघायचे नाहीत. मला कटकट नको होती हे खरं, पण ही शांतता त्याहून नकोशी झाली.

गणपती झाले आणि उलव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. आजूबाजूच्या सोसायट्या मिळून दिवाळीत संगीत नाटक करणार, रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये ऑडिशन. गोष्ट एका आईची. भाऊबीज झाली की मुलगा परदेशी निघतो आणि आई त्याला दारातून निरोप देते. त्या प्रसंगाचं गाणं आणि चार वाक्यं सगळ्यांना पाठवली होती. मी ह्यांना मेसेज दाखवला. म्हटलं, वॉचमनचं काम आहे, बसून करायचं, गुडघ्यांना त्रास नाही.

वाचून म्हणाले, "आईचं काम मी करणार."

"अहो, हे गाव नाहीये. इथे आईच्या कामाला बायका आहेत."

"असू देत की. माझं बघतील आणि मग ठरवतील."

संध्याकाळी पिशवी माळ्यावरून खाली आली. मला बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली. इथेही नको म्हणाले तर ती पिशवी पुन्हा कधी खाली येणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी सोबत गेले.

क्लबहाउसमध्ये परीक्षक एका टेबलामागे बसले होते. आम्ही बाकीचे त्यांच्या समोरच्या भिंतीला खुर्च्या टाकून. मधल्या मोकळ्या जागेत काम करायचं, त्यामुळे प्रत्येकाचं तोंड परीक्षकांकडे आणि पाठ आमच्याकडे. दिग्दर्शक अभिराम तिशीतला, बँकेत नोकरीला, बोलायला गोड. तो प्रत्येकाला आधीच बजावत होता, "परीक्षकांना पाठ दाखवायची नाही." शेजारच्या विंगमधली मनाली आईचं काम करून गेली. छान रडली. उगाच कशाला नाही म्हणू.

मग ह्यांचं नाव पुकारलं. ह्यांनी पँटवरच लुगडं गुंडाळलं आणि पदर डोक्यावरून घेतला. कुणीतरी फिसकन हसलं.

अभिराम म्हणाला, "काका, पुरुषाने साडी नेसली की लोक हसतात. आपलं नाटक सीरियस आहे. तुम्ही वॉचमन करा ना. आवाज दमदार आहे तुमचा."

"करतो की," हे म्हणाले. "आधी आई बघा, मग वॉचमन सांगा."

मी खुर्चीत अंग चोरून बसले.

ह्यांनी गाणं सुरू केलं. आवाज बारीक केला नाही, कंबर हलवली नाही. डब्यात चकल्या भरता भरता बाई गुणगुणते तसं, खालच्या पट्टीत. मग पदराचं टोक कमरेला खोचलं, सोडलं आणि पुन्हा खोचलं. मी चमकले. राग आवरायचा असला की हे मी करते. नसलेल्या बॅगेची नसलेली चेन दोनदा ओढून बघितली. तीही मीच. पाठवलेल्या वाक्यांत आई म्हणते, "जा बाळा, सुखरूप पोच." ह्यांनी ते म्हटलंच नाही.

"जा एकदाचा," ह्यांनी म्हटलं. "डोक्याची कटकट गेली." आणि दार धाडकन लावल्यासारखं करून परीक्षकांकडे सरळ पाठ फिरवली.

तोंड आता माझ्याकडे होतं. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले, पदराचा बोळा तोंडाशी धरलेला. दार लावल्यावर मी अशीच उभी राहायचे. किचनमध्ये, खिडकीपाशी, कुणी बघत नाही असं समजून. आमच्या जुन्या घराची ती खिडकी रस्त्याच्या बाजूला होती आणि हे जिथून रिक्षा पकडायचे तो स्टँड तिच्या खालीच. इतक्या वर्षांत हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"काका, पाठ," अभिराम म्हणाला.

हे वळले नाहीत. "ती तोंड फिरवूनच रडते. जाणाऱ्याला दिसू देत नाही."

"पण मग आम्हाला कसं दिसणार?"

"दिसलं नाही?"

अभिरामच्या शेजारच्या परीक्षक बाई चष्मा काढून पुसत होत्या. आता कुणी हसत नव्हतं.

आईचं काम ह्यांनाच मिळालं. मनाली मुलाची बहीण झाली. अट एकच घातली, मिशी काढायची. गावी पदराआड लपवून भागत होतं, इथे स्टेजवर लाइट असतात. हे म्हणाले, "आजच काढतो." जशी काही अट घालणाऱ्यावरच मेहरबानी.

घरी येताना मी तरातरा पुढे चालले होते आणि हे गुडघे सांभाळत मागून. सोसायटीच्या गेटपाशी मी थांबले.

"म्हणजे इतकी वर्षं सगळ्या गावासमोर माझी नक्कल करत होतात तुम्ही? म्हणून त्या बायका मला हसायच्या?"

"हसायच्या नाहीत गो. ओळखायच्या."

"लाज नाही वाटली?"

"तुला यायला जमायचं नाही," हे म्हणाले. "मग मीच तुला घेऊन जायचो."

भांडायला म्हणून थांबले होते मी. गेटसमोर सलून उघडं होतं. मी तोंड फिरवलं आणि म्हटलं, "जा एकदाचे. मिशी काढून या."