दक्षिणेची भिंत

जुन्या पोथ्या, नकाशे दुरुस्त करणं हा माझा धंदा. भिंती माझ्या कामातल्या नव्हेत. तरी नव्वदच्या दशकाच्या शेवटी देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातल्या वॉलपेपरपायी मी डोकं पिकवून घेतलं. हॉलमधला तो कागद इंग्रजांच्या वेळचा, करड्या पानांत डाळिंबं. तीन भिंतींवरचा कधीच गेलेला, दक्षिणेच्या भिंतीवर तेवढा तग धरून होता. घरमालक काका रेल्वेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "एवढी एक भिंत वाचवा."

वाचवा म्हणायला काय जातंय! पावसाळाभर भिंत ओली. गव्हाच्या खळीने चिकटवलेला तुकडा सकाळी कोपऱ्यातून सुटलेला असायचा. कसर लागू नये म्हणून द्राक्षबागांच्या औषधांच्या दुकानातून मोरचूद आणून खळीत मिसळला, तर कागदावर हिरवट डाग. ते काढता काढता मी रडकुंडीला आले. त्यात काकांचे धाकटे भाऊ येता-जाता म्हणायचे, "प्लास्टिक पेंट मारून मोकळ्या व्हा की!" तो पेंट त्यांच्याच डोक्यावर ओतावा असं वाटायचं.

दोन पट्ट्या राहिल्या असताना काकांना दवाखान्यात नेलं. ते परत आलेच नाहीत. भिंत पुरी झाली ती त्यांच्या माघारी.

तेरावं झाल्यावर मी माझं सामान न्यायला गेले, तर भाऊ हातोडी घेऊन स्टुलावर. गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवरच लावायचा, अशी त्यांच्याकडची रीत. खिळा नेमका मी जोडलेल्या डाळिंबावर टेकवलेला. माझा तोल सुटला.

"खिळा मारलात तर गिलावा सगळा कागदासकट खाली येईल!"

"मग दादाला काय जमिनीवर ठेवू?"

त्यांचं चुकत नव्हतं, पण ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. आता मलाच घालवून देणार, असं वाटलं.

"समोरच्या भिंतीवर लावा, भाऊजी," त्या म्हणाल्या.

"वहिनी, ती उत्तरेची भिंत. चालत नाही."

"चालेल. इथे लावला तर त्यांची भिंतीकडे पाठ होईल. पुरी झालेली त्यांनी अजून बघितली कुठे आहे?"

भाऊ खाली उतरले आणि स्टूल समोरच्या भिंतीशी नेलं. फोटो सरळ लागलाय का ते बघायला त्यांनी मला समोर उभं केलं. मला धड काही दिसत नव्हतं.