बाईंचा निबंध चौदाव्या पानावर

मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी बाई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आल्या. कुरुंदवाडच्या कॉलेजात त्यांनीच मला समाजशास्त्र शिकवलं. आता त्या निवृत्त झाल्या होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच शोधनिबंध लिहिला. महापूर ओसरल्यावर शेतमजूर बायकांचं काय होतं, यावर. त्यासाठी नदीकाठची गावं त्या पायी हिंडल्या होत्या. माझा विषय त्यातूनच निघालेला.

"त्या कम्प्युटरवर माझं दिसतंय व्हय गं?" त्यांनी विचारलं.

मी शोधनिबंधांचा डेटाबेस उघडला. पूर, स्त्रिया, मजुरी हे शब्द इंग्रजीत टाकले. हजारो निबंध आले, रेलेव्हन्सनुसार, म्हणजे जास्त जुळणारे आधी, असे लावलेले. पहिल्या पानावर बाई नव्हत्या. दुसऱ्यावरही नव्हत्या.

"वर कुणाला घ्यायचं हे ठरवतंय कोण?"

"माणूस नसतो, बाई. आपण टाकलेले शब्द शीर्षकात आहेत का, सारांशात किती वेळा आलेत, हे ते बघतं. त्या निबंधाचा दाखला किती जणांनी दिलाय तेही धरतं."

बाईंच्या शीर्षकात महापूर हा शब्द मराठीच होता, फक्त इंग्रजी अक्षरांत. सारांश तीन ओळींचा. दाखला कुणीच दिलेला नव्हता.

"आणि खरं किती लिवलंय, ते?"

मी पानं उलटत राहिले. चौदाव्या पानावर, अगदी तळाला, त्यांचं नाव सापडलं. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"हाय म्हणायचं," त्या म्हणाल्या. "तू दाखला दिलास की येईल जरा वर."

"देणारच की, बाई."

आणि मी दिलाही होता, प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यावर पेन्सिलीनं गोल केला. "हे कोण? परीक्षकांना माहीत असलेली नावं घाला. डेटाबेसच्या पहिल्या दोन पानांत पुष्कळ मिळतील." मी वाद घातला नाही. परिच्छेद तसाच ठेवला, बाईंचं नाव काढलं आणि तिथं पहिल्या पानावरचे दोन संदर्भ बसवले. ते दोन्ही मी पूर्ण वाचलेले नव्हते.

पदवी मिळाली, पण बाईंना फोन करायचं टाळत राहिले. मग त्या गेल्याचाच फोन आला.

कुरुंदवाडला गेले. त्यांच्या धाकट्या बहिणीनं मला फोटोजवळ बसवलं, पाणी दिलं.

"आक्कानं तुमच्या प्रबंधाची लई वाट बघितलती. माझं नाव हाय त्यात, म्हणायची. हाय न्हवं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग एक प्रत द्या की. घरात ठेवतो."

पाठवते, म्हणाले. कसबा बावड्यातल्या माझ्या खोलीत चार प्रती आहेत. अजून एकही पाठवलेली नाही.